इंजिन ऑइल गळतंय? पाना उचलण्याआधी गाडी धुवा

सारवलेल्या अंगणात उभ्या केलेल्या गाडीचं दुखणं लपत नाही. सकाळी गाडी बाहेर काढली आणि शेणाच्या सारवणावर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की घरातलं प्रत्येक माणूस आपापलं निदान सांगतं. डागाकडे लक्ष गेलं हे चांगलंच. पण डाग जिथे पडला, तिथेच वर गळती आहे असं धरून चालणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

मी ती चूक केली. तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली. मिरगाच्या तोंडावर बियाणं आणायला निघालो तेव्हा गाडीखाली डाग दिसला. तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथे खाली वाकून पाहिलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यातून तेल टपकत होतं. 'मागचं ऑइल सील गेलं' असं ठरलं, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारं रबरी कडं. गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, पेरणीसाठी ठेवलेले पैसे तिथे गेले. चौथ्या दिवशी डाग पुन्हा त्याच जागी. मग आमच्या गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि इंजिनच्या अगदी वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या काठावरून बोट फिरवलं. बोट ओलं, काळं. म्हणाले, "भाऊ, तेल पडते खाली, पण गळते वरून. पह्यले धुवून घे, मंग पाह्य कुठून येते ते."

पुढे जे लिहिलं आहे ते याच क्रमाने आहे. ज्यांनी आजवर बोनेट फक्त पाणी टाकायला उघडलं, त्यांच्यासाठी आहे. यातली निम्मी कामं घरी करता येतात. उरलेली गॅरेजवाल्याकडूनच करून घ्यावीत, पण तिथे जाताना गळती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

गाडी चालवायची की नाही, हे आधी ठरवा

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. खालची आणि वरची खूण यांत साधारण एक लिटरचा फरक असतो, छोट्या गाड्यांत थोडा कमी. तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी काढू नका. आधी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं तेल थोडं थोडं टाकून वरच्या खुणेपर्यंत आणा. त्यापलीकडे नको. जास्त भरलेलं तेलही सिलांवर दाब आणतं आणि नसलेली गळती सुरू होते.

डॅशबोर्डवरच्या लाल तेलाच्या दिव्याबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब आहे की नाही ते सांगतो. म्हणजे तो चालत्या गाडीत पेटेपर्यंत तेल बरंच संपलेलं असू शकतं, किंवा पंप तेल ओढत नसतो. तो पेटला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन त्याच क्षणी बंद करा. 'गाव दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून पुढे जाऊ नका. तेवढ्या अंतरात क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगा जाऊ शकतात.

डिपस्टिकवर तेल कमी होत जातं, पण अंगणात थेंब नाही, असंही होतं. मग सायलेन्सरकडे पाहा. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळसर धूर येत असेल तर तेल आत जळतंय. ते वेगळं दुखणं, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

आणखी एक तातडीची खूण म्हणजे वास. गाडी थांबवल्यावर बोनेटमधून जळकट तेलाचा वास किंवा हलका धूर येत असेल, तर तेल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडतंय. आपल्याकडे गाडी कुटाराच्या ढिगाशेजारी, पऱ्हाटीच्या गंजीजवळ नाहीतर वाळल्या गवतात सहज उभी करतात. तेल गळणारी गाडी अशा जागी उभी करू नका, खास करून एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि गवताला ठिणगी पुरते.

हे इंजिन ऑइलच आहे का?

पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि उजेडात पाहा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटांत चोळलं तर गुळगुळीत. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं, पाण्यासारखं पातळ आणि वासाला गोडसर. गिअर ऑइल घट्ट, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. तो एकदा घेतला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली आणि ती पातळ, पिवळसर असली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग इंजिनचं सगळं बाजूला ठेवा, गाडी चालवू नका आणि आधी ब्रेक दाखवा. उन्हाळ्यात एसी लावून आल्यावर खाली पडणारं स्वच्छ पाणी एसीचंच. त्याची काळजी नको.

आता थेंबाची जागा. खताच्या दुकानातून नाहीतर किराणा दुकानातून मोठ्या खोक्याचा पुठ्ठा आणा, उलगडून इंजिनखाली सरकवा. पुढच्या चाकाची जागा पुठ्ठ्यावर पेनाने आखा आणि कोणती बाजू ड्रायव्हरकडची ते लिहा. रात्रभर ठेवा. सकाळी डाग इंजिनच्या कोणत्या टोकाला आहे, एक आहे की तीन, हे कळतं. खाली प्लॅस्टिकचं किंवा लोखंडी इंजिन गार्ड असेल तर ते काढूनच हे करा. गार्डवर तेल साचतं, घरंगळतं आणि भलत्याच कोपऱ्यातून पडतं.

धुणं हेच खरं निदान

पांदणीने ये-जा करणाऱ्या गाडीचं इंजिन शहरातल्या गाडीसारखं नसतं. तेलाच्या ओलीवर वावरातली काळी माती बसते, तिच्यावर पुन्हा तेल, पुन्हा माती. दोन हंगामांत बोटभर जाडीचा थर होतो. त्या थराखाली गळती शोधणं अशक्य आहे, कारण सगळंच ओलं असतं. चालत्या गाडीचा वारा तेल मागे ढकलतो, वजनाने ते खाली उतरतं. म्हणून पुढे-वर गळणारं तेल मागे-खाली दिसतं. हे समजलं की बाकीचं सोपं होतं : इंजिन कोरडं करा, चालवा, आणि सगळ्यात वर व सगळ्यात पुढे जी ताजी ओल दिसेल तिथे शोध थांबवा.

इंजिन पूर्ण थंड असतानाच धुवा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, प्लगच्या कॉइली आणि हवेच्या फिल्टरचं तोंड जाड पॉलिथिनने बांधून झाका. मातीचा थर तुराटीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने नाही, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच उद्या गळतं. तुराटीचं टोक तिरपं तासून घेतलं की ते फटीत छान पोचतं आणि धातूला इजा करत नाही. मग वाटीभर डिझेल आणि जुना ब्रश घेऊन वरून खाली घासत या. पेट्रोल वापरू नका. जवळपास चूल, बिडी काही नको. बेल्टवर डिझेल उडू देऊ नका, रबर खराब होतं आणि बेल्ट घसरतो. खाली घमेलं किंवा ट्रे ठेवा, म्हणजे काळं पाणी अंगणात मुरणार नाही. शेवटी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि कोरड्या सुती चिंधीने पुन्हा पुसा. बोनेट उघडं ठेवून दोन तास उन्हात राहू द्या. डिझेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घेणं सोयीचं वाटतं, पण तिथला पोऱ्या पाण्याची धार थेट कनेक्टरवर मारतो. मग गळती राहते बाजूला आणि गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके देत चालते. मी तरी हातानेच धुतो. धुताना प्रत्येक सांध्यावर हात फिरतो आणि सैल बोल्ट, चिरलेला पाइप तिथेच सापडतो.

पावडर, टॉर्च आणि मोबाइल

इंजिन कोरडं झालं की घरातली साधी टाल्कम पावडर घ्या. मऊ ब्रशने किंवा फुंकर घालून ती संशयाच्या सांध्यांवर पातळ पसरवा : टॅपेट कव्हरचा काठ, फिल्टरभोवती, चेंबरच्या कडेला, इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर. बेल्ट आणि अल्टरनेटर सोडून. इंजिन सुरू करून जागेवरच पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, बंद करा आणि पाहा. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ केसाएवढी असली तरी दिसते. रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

काही दिसलं नाही तर गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून आणा. काही गळत्या जागेवर उघड होत नाहीत. गावातल्या गावात थेंबही न सोडणारी गाडी समृद्धीवर तासभर एका वेगात पळाली की खालून चिंब होते, कारण तिथे तेल जास्त तापून पातळ होतं आणि दाबही वाढतो. लांबच्या प्रवासाहून आल्यावर त्याच दिवशी पाहिलं तर निदान लवकर होतं.

इंजिनच्या मागच्या बाजूला डोकं जात नाही. तिथे मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करा, हात आत घालून हळूहळू फिरवा आणि नंतर निवांत बघा. हे मात्र इंजिन बंद असताना. उन्हासाठी गळ्यात, डोक्याला बांधलेला दुपट्टा आधी काढून ठेवा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक सुरू होतो, तो बोटांना वेळ देत नाही.

एवढं करूनही ठाव लागला नाही तर यूव्ही डाय हा उपाय आहे. इंजिन ऑइलसाठीच बनवलेला तो रंग तेलात टाकायचा, दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. गळती पिवळसर-हिरवी चमकते. ऑनलाइन मिळतो. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

गाडीखाली जायचं असेल तर

काळ्या मातीत जॅक रुतून तिरपा होतो. जॅकखाली रुंद फळी घ्या, चाकांना मागून-पुढून दगड लावा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. लोखंडी घोडी ठेवा. शेजारी वेल्डिंगवाला असतो, तो पक्की जोडी बनवून देतो. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नकोत, ते आवाज न करता फुटतात. शिवाय स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी तिच्यावर बसेल. आणि घरात कोणाला तरी सांगून मगच खाली जा.

आता वरून खाली

तेल भरायच्या झाकणाचं रबर सगळ्यात आधी पाहा. ते वाळून कडक झालं असेल तर झाकणाभोवती तेल येतं आणि लोक टॅपेट कव्हर खोलतात. झाकण बदललं की काम संपतं.

मग ब्रीदर. याकडे फार जण दुर्लक्ष करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. इंजिनच्या आत पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतच असतो. तो बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप आणि पेट्रोल गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह (त्या वाटेवरची छोटी झडप) असतो. धूळ आणि तेलाच्या चिकट्याने ही वाट बंद झाली की दाब आत कोंडतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा गाडीत तुम्ही आज एक सील बदललं, तर महिनाभरात दुसरं गळतं. पाइप काढून फुंकून पाहा. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतो. आणखी एक चाचणी : ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन आयडलवर ठेवा, तेलाचं झाकण अलगद काढा आणि तोंडावर जाड पॉलिथिनचा तुकडा हाताने धरा. पेट्रोल गाडीत तो हलका आत ओढला जातो किंवा फडफडतो. तो जोराने फुगून वर येत असेल आणि फक्-फक् धूर येत असेल, तर ब्रीदर बंद आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. डिझेल गाडीत थोडा फुत्कार नेहमीचाच. ही वाट मोकळी केल्याशिवाय पॅकिंग, म्हणजे सांध्यात बसणारं रबर, विकत घेऊ नका.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त गळती मला इथेच दिसली आहे. आपल्या उन्हाळ्यात, बोनेटखालच्या उष्णतेत रबर वर्षानुवर्षं भाजून निघतं आणि शेवटी बांगडीसारखं कडक होतं. वाकवलं तर तडकतं. हे काम घरी करता येतं.

पॅकिंग आणायला जाताना आरसीची झेरॉक्स आणि चेसिस नंबर सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये मधल्या महिन्यांत भाग बदललेले असतात आणि 'हेच लागते' म्हणून दिलेलं पॅकिंग घरी आल्यावर दोन मिलिमीटर आखूड निघतं. ज्या इंजिनात प्लग कव्हरच्या मधून आत उतरतात, तिथे प्लगच्या नळ्यांची गोल सिलंही सोबत घ्या. ती गेली की तेल प्लगच्या खळग्यात साचतं आणि गाडी मिसिंग करते.

खोलताना वायरींना चिकटपट्टी लावून एक-दोन-तीन असे नंबर द्या, फोटो काढा. बोल्ट बहुतेक 10 नंबरच्या पान्याचे असतात. बाहेरच्या टोकांपासून आत येत थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडी दांड्याने बाजूने हलके ठोका, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. उघडल्यावर आत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिसतो, तेलाने चकचकीत. तिथे एक चिंधीचा धागा, एक मातीचा कण पडता कामा नये. आतल्या भागावर स्वच्छ सुती कापड अंथरा आणि मगच काठावर चिकटलेलं जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. दोन्ही काठ कोरड्या फडक्याने इतके पुसा की नख फिरवल्यावर कुठेच अडखळणार नाही. कव्हर आरशाच्या काचेवर पालथं ठेवून पाहा. ते डुगडुगत असेल तर वाकलं आहे आणि नवं पॅकिंगही गळणार.

रबराचं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवायचं. त्यावर सगळीकडे सिलिकॉन थापायची पद्धत चुकीची आहे. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून सुटतं, तेलासोबत खाली जातं आणि चेंबरमधल्या गाळणीत अडकतं. मग तेल असूनही दाब मिळत नाही. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात लागतं, जिथे दोन भागांचा सांधा येतो, आणि तेही मुगाच्या दाण्याएवढं. मॅन्युअलमध्ये त्या जागा दाखवलेल्या असतात.

बोल्ट आवळताना मधून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत. इथे जोर लागतच नाही. साधारण 10 न्यूटन मीटरच्या आसपास, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. टॉर्क पाना नसेल तर छोटा टी-पाना तीन बोटांत धरा आणि मनगट न वळवता जितका फिरेल तितकाच फिरवा. मी पहिल्यांदा 'पुन्हा गळू नये' म्हणून शेवटचा एक झटका दिला. पाना एकदम हलका झाला, बोल्ट नुसताच फिरायला लागला. ॲल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, आटे निघून आले होते. ते लेथवाल्याकडून नवे करून घ्यायला आठवडा गेला, त्या आठवड्यात कापसाच्या फवारणीची औषधं बसने आणावी लागली. तो झटका कोणी देऊ नये म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

ऑइल प्रेशर स्विच. इंजिनच्या अंगावर बसवलेला छोटा भाग, बहुतेकदा एका वायरचा. इंजिन थंड असताना कनेक्टर काढा. आत तेल असेल तर स्विच फुटला आहे. नवा बसवला की झालं, आणि खर्चही फार नाही.

ऑइल फिल्टर. नुकतीच सर्व्हिसिंग झाली आणि गळती सुरू झाली असेल तर पहिला संशय इथे. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला जातो. दोन रबरं एकावर एक दाबात टिकत नाहीत, सगळं तेल काही मिनिटांत बाहेर येऊ शकतं. फिल्टर काढून बसायची जागा बोटाने तपासा, नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे सुमारे पाऊण फेरा. पाना लावू नका.

चेंबरचा ड्रेन प्लग. इथे 14 किंवा 17 नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. दर वेळी तेल बदलताना वॉशर नवा घालावा. तांब्याचा वॉशर असेल आणि नवा मिळत नसेल, तर तो गॅसच्या ज्योतीवर लालबुंद करून गार होऊ द्या, तांबं पुन्हा मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हे करू नका, तो वितळेल. प्लग गळतो म्हणून दर वेळी आणखी आवळत जाणाऱ्या माणसाच्या चेंबरचे आटे जातात.

चेंबर. पांदणीच्या मधल्या उंचवट्यावर दगड लागून चेंबर चेपतो किंवा तडकतो. चेपलेला पत्र्याचा चेंबर गळत नसला तरी धोक्याचा असतो, कारण आतली तेल ओढणारी गाळणी तळापासून थोड्याच अंतरावर असते आणि पत्रा वर आला की तिचं तोंड बंद होतं. चीर पडली असेल तर तेल पूर्ण काढून, जागा घासून, कोरडी करून एम-सील लावता येतं, पण ते फक्त तालुक्याला पोचण्यापुरतं. चेंबर उतरवून पुन्हा बसवताना पत्र्याचा काठ बोल्टांच्या भोकांपाशी खोलगट झालेला असतो. तो लाकडावर ठेवून सपाट ठोकून घ्यावा लागतो. सिलिकॉनची एकसारखी बारीक वळी, भोकांच्या आतल्या बाजूने. बसवल्यावर तेल लगेच भरू नका. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, बऱ्याच सिलिकॉनना पूर्ण पक्कं व्हायला 24 तास लागतात.

गॅरेजवर सोडायची कामं

ज्या गाड्यांत टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा) असतो, तिथे क्रँकचं पुढचं सील त्याच्या मागे असतं. त्या बेल्टला तेल लागलं असेल तर सीलसोबत बेल्टही बदलावा लागतो. बेल्ट बसवताना खुणा एक दात चुकल्या तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. शिकाऊ माणसाने यात हात घालू नये.

मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरतो. तुम्हाला कोणी ते सांगितलं तर आधी तीन गोष्टी पाहा. धुतलेल्या इंजिनावर वरचं सगळं कोरडं आहे आणि फक्त त्या सांध्याच्या तळातूनच तेल येतंय, हे डोळ्यांनी दिसलं का? ते तेल इंजिनचंच आहे का, की गंधकासारखा वास मारणारं गिअर ऑइल आहे? आणि ब्रीदर मोकळा आहे का? तिन्ही उत्तरं जुळली तर काम जरूर करा, आणि क्लच प्लेट झिजली किंवा तेलात भिजली असेल तर तीही त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच असते. डिझेल गाडीत टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाच्या) तेलाच्या पाइपांकडेही पाहायला सांगा. तिथलं तेल खाली उतरून हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं.

हेड आणि त्याखालच्या ब्लॉकच्या मधून बाहेर तेल येत असेल तर हेड पॅकिंग गेलेलं असतं. तेलाच्या झाकणाखाली पांढरट दुधासारखा लगदा दिसला तर लोक घाबरतात. हिवाळ्यात रोज फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमट हवेनेही तो जमतो. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही तसाच लगदा असेल, तर मात्र गाडी लगेच दाखवा.

तेलात ओतायच्या, गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीबद्दल विचारतात, म्हणून सांगतो. ती रबर फुगवते. थोडंसं पाझरणारं सील काही दिवस आवरतं, पण फाटलेलं पॅकिंग किंवा चिरलेला चेंबर तिने सुधारत नाही. उन्हाळा आहे म्हणून जाड तेल टाकून गळती दाबणंही नको. पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनात जाड तेल थंड स्टार्टला वेळेवर वर पोचत नाही, झीज तिथेच होते.

काढलेलं काळं तेल आणि धुतलेलं डिझेल

गावात हे तेल वाया जात नाही असं समजतात. कुंपणाच्या खांबाला, बंडीच्या आसाला लावतात, उरलेलं नालीत ओततात. ते करू नका. या तेलात इंजिनच्या झिजेचे धातू आणि जळण्यातून तयार झालेली घातक द्रव्यं असतात. तेल लावलेला खांब वासरं चाटतात. विहिरीच्या बाजूला ओतलेलं तेल पावसाळ्यात विहिरीतच उतरतं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांतही वापरलेलं तेल मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि तालुक्याच्या ज्या गॅरेजवर जुन्या तेलाचे ड्रम जमा होतात तिथे द्या. हात लगेच साबणाने धुवा, तेलाने भिजलेली चड्डी-बनियन अंगावर वाळवू नका.

दुरुस्तीनंतर

तेल वरच्या खुणेपर्यंत आणून इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर बंद करा. दहा मिनिटं चालवा, टॉर्चने सांधा पाहा, पुन्हा पावडर लावा आणि पन्नास किलोमीटरनंतर परत बघा. रबराचं पॅकिंग असेल तर 'एकदा आवळून घेऊ' म्हणून बोल्टांना हात लावू नका. जुनं तेल चेंबरच्या कडांत आणि गार्डच्या वळणांत अडकलेलं असतं, ते दोन दिवस थेंब-थेंब पडू शकतं. म्हणून धुताना गार्डही धुवा आणि लगेच निराश होऊ नका.

रात्री पुन्हा तोच पुठ्ठा इंजिनखाली सरकवा, दुसऱ्या बाजूने. सकाळी कोरडा निघाला तर बोनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, किलोमीटर, काय बदललं, तेलाची ग्रेड कोणती. पुढचा महिनाभर दर बाजाराच्या दिवशी, गाडी काढायच्या आधी, डिपस्टिक पाहून त्याखाली एक ओळ लिहीत जा.